शब्दांचा संस्कार

वाचकहो, गेल्या अंकात आफ्रिकेच्या प्रवासाचा ओझरता उल्लेख करून आम्ही लेखणी आवरती घेतली होती. तेवढ्यावरून दोन-चार परिचितांनी आम्हांला वाटेतच गाठले. ‘सदुसष्टाव्या वर्षी केनियाच्या खेड्यात जाऊन मुलींच्या शिबिरात तुम्ही काय हो केलेत?’ हा त्यांचा प्रश्न. प्रश्नात कुतूहल होते आणि थोडी थट्टाही होती. दोन्हींचा मान ठेवून आम्ही आज सविस्तर उत्तर देण्याचे योजिले आहे.

आमची भाची नैरोबीत डॉक्टर आहे. दर डिसेंबरात, शाळांच्या मोठ्या सुटीत, ती थाराका भागातील मुलींच्या एका शिबिरात आठवडाभर काम करते. २०२३ च्या पावसाळ्यात तिने फोनवरून आम्हांला विचारले, “मावशी, तुला अजून पायाचे मशीन चालवता येते ना?” येते, म्हटले. “मग ये. भाषणे करणारी माणसे पुष्कळ मिळतात, घड्या शिवणारी मिळत नाहीत.” या एका वाक्यावर आम्ही दांडिया बाजारातील घराला कुलूप लावले.

नैरोबीत पहिला मुक्काम पडला तो कापडाच्या दुकानात. जिला आज बियाशारा स्ट्रीट म्हणतात तीच पूर्वीची ‘इंडियन बझार’. तेथील एका गुजराती दुकानदाराकडे आम्ही फलालीन, सुती कापड आणि टिचबटणे मागितली. आम्ही वडोदऱ्याचे आहोत हे आमच्या गुजरातीवरून त्याने चटकन ओळखले आणि कापड कशासाठी हे विचारले. सांगताना आम्ही जरा अडखळलो. तो मात्र अडखळला नाही. त्याने मुकाट्याने आणखी दहा वार फलालीन कापून गाठोड्यात घातले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी थिका, एम्बू, चुका असा प्रवास. डाव्या हाताला केनिया पर्वताचे ढगांत बुडालेले शिखर आणि त्याच्या उतारावर चहा-कॉफीचे हिरवे मळे. चुका सोडून पूर्वेला उतरू लागले की मात्र सृष्टी पालटते. हवा तापते, माती तांबडी होते, बाभळीसारखी काटेरी झुडपे दिसू लागतात आणि मधूनच एखादी अवाढव्य गोरखचिंच उभी असते. हा थाराका लोकांचा मुलूख. पुढे ताना नदीपर्यंत पसरलेला. ज्वारी, बाजरी, मूग ही येथील पिके. एरवी हा प्रदेश पावसाला पारखा. पण त्या वर्षी ऑक्टोबरपासून केनियात पाऊस अनावर कोसळला होता. एका ओढ्यापाशी गाडी सोडून, गाठोडे डोक्यावर घेऊन, आम्ही शाळेच्या आवारात पोहोचलो. शिबिर त्या शाळेतच होते.

आता विषयाला हात घालावयास हवा. तो घरातल्या मासिकात लिहिण्याजोगा आहे का, असा विचार आमच्या मनात येऊन गेला. परंतु जे साठ मुलींना तोंड देऊन सोसावे लागते, ते वाचण्याइतके धैर्य आमच्या वाचकांत निश्चित आहे. केनियातील अनेक जमातींत मुलगी वयात येताना तिची सुंता करण्याची जुनी रूढी आहे. शस्त्र एखाद्या म्हातारीच्या हाती असते. रक्तस्राव, जंतुबाधा, पुढे बाळंतपणात धोका, हे सारे त्या मुलीच्या वाट्याला येते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे, सुंता झाली की मुलगी ‘बाई’ झाली असे गाव समजते. मग शाळा सुटते आणि लग्न ठरते. तेराव्या-चौदाव्या वर्षी वही-पेन्सिल कोपऱ्यात पडते, ती कायमची.

‘मग कायदा का करीत नाहीत?’ असे कोणीही विचारील. आम्हीही विचारले. शिबिराच्या प्रमुख बाईंनी (त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका; मुली त्यांना ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजी म्हणतात) आम्हांला १९५६ सालची हकीकत सांगितली. ब्रिटिश अमलाचा तो काळ. मेरू भागातील ज्येष्ठांच्या ‘न्जुरी न्चेके’ या पंचायतीने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून मुलींच्या सुंतेवर बंदी घातली. झाले काय? मुलींनी रानात जाऊन, पाती मिळवून, स्वतःच एकमेकींवर तो प्रकार केला. त्यांना ‘न्गाइताना’ हे नाव पडले. ‘मी माझी स्वतःच करीन’ असा त्याचा अर्थ. तीन वर्षांत दोन हजार चारशेहून अधिक मुली, बायका व पुरुष यांच्यावर खटले झाले. दंड झाले, शिक्षा झाल्या, आणि रूढी होती तेथेच राहिली. ज्यांनी बंदी घातली ते पुरुष होते, ज्यांनी ती घालावयास लावली ते परके होते. आणि जिच्या देहाचा प्रश्न, तिला कोणी दोन शब्द विचारले नव्हते.

स्वतंत्र केनियाने पुढे स्वतःचे कायदे केले. २००१ च्या बालकविषयक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलींची सुंता गुन्हा ठरली. २०११ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात निदान तीन वर्षे कैद किंवा दोन लाख शिलिंग दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सरकारी पाहणीप्रमाणे पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत सुंता झालेल्यांचे प्रमाण १९९८ साली शेकडा ३८ होते; २०१४ साली ते २१ झाले आणि २०२२ साली १५ वर आले. हा उतार लहान नव्हे. परंतु जेथे रूढी टिकून आहे, तेथे ती आता रात्री, गुपचूप आणि अधिक कोवळ्या वयात पार पाडली जाते, हेही म्वालिमूंनी लपविले नाही.

या भागातील बायकांनी काढलेली वाट निराळी आहे, आणि ती आम्हांला फार शहाणपणाची वाटली. १९९६ साली थाराकातील गातुंगा गावी सुमारे तीस कुटुंबांनी आपल्या मुलींसाठी एक नवा विधी केला. ‘मायेन्देलेओ या वानावाके’ या केनियातील स्त्रियांच्या जुन्या संघटनेचे त्यांना साहाय्य होते. विधीचे नाव ‘न्तानिरा ना मुगाम्बो’, म्हणजे शब्दांनी केलेली सुंता. जुन्या विधीत शस्त्राखेरीज पुष्कळ काही होते: मुलींचे काही दिवस वेगळे राहणे, वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना संसाराचे, वागण्या-बोलण्याचे शिक्षण देणे, प्रत्येकीला आईखेरीज एक पाठराखीण मिळणे, शेवटी गाणी, नाच, भेटी, गावजेवण. बायकांनी हे सारे ठेवले आणि शस्त्र तेवढे काढून टाकले. ‘आम्ही मुलीला बाई करणार, पण कापून नव्हे, सांगून,’ असा तो निर्धार होता. आमचे शिबिर त्याच परंपरेतले.

शिबिरातील दिवस पहाटे सुरू होई. न्याहारीला बाजरीची पातळ पेज. तिला ‘उजी’ म्हणतात. मग वर्ग. आपल्या शरीराची ओळख, मासिक पाळी, गर्भधारणा, रोगांपासून जपणूक हे विषय भाचीकडे आणि एका स्थानिक परिचारिकेकडे. कायदा काय म्हणतो, संकट आले तर कोणाकडे धावावे, हे म्वालिमूंकडे. दुपारी खेळ व गाणी. संध्याकाळी पाठराखिणी आपापल्या मुलीला घेऊन झाडाखाली बसत. त्या वेळी जे बोलणे चाले तेथे आम्हांला मज्जाव होता, आणि तो योग्यच होता.

आमचे काम वर्गखोलीच्या कोपऱ्यातील शिवणयंत्रावर. आमच्या लहानपणी ‘बाहेर बसण्याच्या’ चार दिवसांत जुन्या धोतराच्या घड्या वापरीत. तेच तत्त्व, फक्त शिवण नीट. आत फलालीनचे पदर, खाली पाणी न झिरपणारे कापड, दोन्ही बाजूंना पंख आणि त्यांना टिचबटण. केनिया सरकारने २००४ साली विकतच्या पॅडवरील कर रद्द केला आणि २०१७ साली शाळकरी मुलींना ती मोफत देण्याचा कायदा केला. पण आडगावच्या शाळेत पुरवठा नेहमी पोहोचतोच असे नाही. पाळीच्या दिवसांत मुलगी घरी राहते, अभ्यासात मागे पडते आणि मग ‘हिचे शिक्षणात लक्ष नाही’ हे सांगावयास सगळे मोकळे. म्हणून प्रत्येक मुलीला आम्ही घडी शिवावयास शिकविली. शिकवणीचा खरा भाग शिवणीत नव्हता. धुतलेली घडी लाजेने गादीखाली वाळत घालतात, ती दमट राहते आणि त्वचेला अपाय होतो. ती उन्हातच वाळली पाहिजे, हे पटविण्यात दोन दिवस गेले. शेवटी एका धीट मुलीने स्वतःची घडी शाळेच्या कुंपणावर सर्वांदेखत वाळत टाकली. संध्याकाळपर्यंत ते कुंपण भरून गेले होते.

भाषेची अडचण वाटली होती तितकी पडली नाही. स्वाहिलीत चहाला ‘चाय’, दुकानाला ‘दुका’, साबणाला ‘साबुनी’, पुस्तकाला ‘किताबु’ म्हणतात. कुशल विचारावयाचे तर ‘हबारी’, म्हणजे आपली खबरच. मुली आम्हांला ‘शोशो’, आजी, म्हणू लागल्या. एका दुपारी आम्ही बाजरीचे पीठ मागून घेतले, हातावर भाकरी थापली आणि आख्खे मूग शिजवून पुढे ठेवले. मुली खो खो हसल्या. त्यांच्याच घरच्या धान्याची अशी पोळी त्यांनी पाहिली नव्हती. बाजरी आणि ज्वारी दोन्ही मूळच्या आफ्रिकेच्या. हजारो वर्षांपूर्वी त्या आपल्याकडे आल्या, हे आम्ही भाचीकडून त्यांना सांगविले. त्यावर एक चिमुरडी म्हणाली, “मग शोशो, आमच्या धान्यावर तुम्ही मोठ्या झालात!” हे आम्हांला मान्य करावे लागले.

आता आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. ती लपविली तर हे लिखाण खोटे ठरेल. मुलींत एक तेरा वर्षांची, अबोल, पण शिवणीत सर्वांत तरबेज. आई नव्हती, आजीने वाढविलेली. तिची फी थकली आहे हे कळताच आम्ही तिला जवळ घेऊन सांगितले, की तुझे पुढचे सारे शिक्षण आम्ही करू. तासाभरात ही बातमी शिबिरभर झाली. संध्याकाळी तिच्याजवळ कोणी बसेना. दोघी-तिघी आम्हांला आपापल्या घरची गरिबी सांगावयास आल्या, आणि त्या साऱ्या खऱ्या होत्या.

म्वालिमूंनी रात्री आम्हांला बाजूला बोलाविले. आवाज चढला नाही, पण शब्द आम्ही विसरणार नाही. “तुम्ही शनिवारी जाल. सोमवारी मी या साठ जणींपुढे उभी राहीन. एकीलाच का, हे मी काय सांगू? आणि तुम्ही आजारी पडलात, पैसे आले नाहीत, तर तिची आजी म्हणेल की परक्यांचे शब्द असेच असतात. आम्ही येथे शब्दांवर विधी करतो. तो शब्द स्वस्त करू नका.” आम्ही गप्प राहिलो. द्यावयाचे ते शाळेच्या निधीत द्यावे, कोणाला किती हे गावच्या समितीने ठरवावे, असे ठरले. दान देताना देणाऱ्याला जे सुख होते ते बहुधा घेणाऱ्याच्या हिशेबात चुकते करावे लागते, हे आम्ही या वयात शिकलो.

तिसऱ्या दिवशी त्याच मुलीची आजी काठी टेकीत शाळेच्या दाराशी आली. नातीला न्यावयास आली होती. तिचे म्हणणे सरळ होते: “न झालेल्या मुलीला बाई कोण म्हणेल? ती म्हातारी झाली तरी पोरच राहील. मी आज आहे, उद्या नाही. माझ्या मागे हिला घरात कोण घेईल?” आमची भाची पुढे होऊन वैद्यकीय दुष्परिणाम सांगू लागली, तोच म्वालिमूंनी तिला खुणेने थांबविले. “तिच्याशी वाद घालू नका. तिला खुर्ची द्या आणि चहा आणा.”

चहा झाला. मग म्वालिमूंनी म्हातारीला विनंती केली: पूर्वी मुली वेगळ्या बसत तेव्हा आज्या त्यांना काय काय शिकवीत, ते आमच्या मुलींना ठाऊक नाही, तुम्ही सांगाल का? म्हातारीने प्रथम मान फिरविली. पण विचारले गेले, याचे समाधान तिच्या मुद्रेवर उमटलेच. ती बोलू लागली ती तासभर बोलली: धान्य कसे राखावे, भांडण झाले तर कोणाकडे जावे, पाहुण्यास काय द्यावे. मुली ऐकत होत्या. नंतर ती आमच्या कोपऱ्यात येऊन बसली. घड्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, “आमच्या वेळी एवढे लाड नव्हते.” भाचीने सांगितल्यावर आम्ही म्हटले, “आमच्याही नव्हते.” मग तीही एक सुई घेऊन बसली. पण सुईत दोरा ओवणे आम्हां दोघींनाही जमेना. शेवटी नातीनेच दोन्ही सुया ओवून दिल्या.

त्या रात्री आम्हांला आमच्या आईच्या आईची आठवण झाली. सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात १९०४ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा केला आणि १९०६ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, याचा आम्हां वडोदेकरांना सार्थ अभिमान आहे. परंतु आमच्या आजीचे लग्न त्यानंतर, १९१२ साली, नवव्या वर्षी झाले. तिच्या सासऱ्यांच्या खर्चाच्या वहीत केळीचे खांब, वाजंत्री, तूप यांच्या खाली ‘सरकारी दंड’ अशीही एक ओळ होती. कायदा त्यांनी मोडला नाही; तो खर्चात धरला! मात्र त्याच आजीने पुढे आमच्या आईच्या बाराव्या वर्षी स्थळ आले तेव्हा चुलीपुढून न उठता सांगितले, “पोर मॅट्रिक झाल्याखेरीज या घरात लग्नाचा विषय निघणार नाही.” निघाला नाही. महाराजांनी दार उघडले होते, आणि ती शाळा नसती तर आजीचे बोलणे पोकळ ठरले असते, हे खरे. पण त्या दारातून आमच्या आईला बाहेर पाठविले ते आजीच्या शब्दाने. थाराकाच्या त्या काठीवाल्या म्हातारीकडे आम्ही मग निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. रूढीची राखणदार तीच होती. आणि रूढी मोडणारी झाली तर तीच होणार होती.

शनिवारी समारोप झाला. आई-बाप, शेजारी, सरकारी चीफ, शाळेचे शिक्षक, सारे आवारात जमले. मुली गात, ओळीने, आपापल्या पाठराखिणीचा हात धरून आल्या. प्रत्येकीने आपले नाव मोठ्याने सांगून ‘मी शिकणार, मी कापून घेणार नाही’ असे म्हटले आणि तिला प्रमाणपत्र मिळाले. काही तरुण मुलांनी उभे राहून, अशा मुलीशी लग्न करण्यात आम्हांला कमीपणा नाही, असे सांगितले. त्या वाक्याला बायकांनी सर्वांत जास्त टाळ्या वाजविल्या. म्हातारी पहिल्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजविल्या नाहीत. समारंभ संपताच तिने नातीचे बोचके उचलले आणि दोघी पाऊलवाटेने निघून गेल्या. आम्ही हात हलविला. नातीने हलविला, आजीने नाही.

शिबिराने सारे साधते असा भ्रम कोणी बाळगू नये. ज्या गावात वर्षभर आई-बापांशी बोलणे चालत नाही, तेथे असा विधी नुसता सोहळा होतो. मुलीला प्रमाणपत्रही मिळते आणि पुढे सुंताही होते, हे तेथील कार्यकर्त्या बायकाच सांगतात. म्हणून म्वालिमू आठवड्यापुरत्या नसतात. त्या वर्षभर घरोघर हिंडतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत भाचीकरवी त्यांचा निरोप आला. दोघी सोडून सर्व मुली शाळेत परतल्या होत्या. त्या दोघींपैकी एकीला नातेवाइकांकडे दूर पाठविले, तिचा ठावठिकाणा लागला नव्हता. दुसरीचे लग्न लावून दिले होते. कुंपणावर पहिली घडी वाळत घालणारी ती हीच. हे वाचून आम्ही बराच वेळ कागद हातात धरून बसलो. म्वालिमूंनी पोलिसांत कळविले होते आणि त्या स्वतः तिच्या सासरी जाऊन आल्या होत्या. पुन्हा जाणार होत्या.

आणि आमची ती अबोल मुलगी? ती सातवीत बसली आहे. तिची सुंता झालेली नाही. आजीने आपले मत बदलल्याचे कोणापाशी कबूल केलेले नाही. फक्त रोज सकाळी ती काठी टेकीत नातीला शाळेच्या दारापर्यंत पोहोचविते आणि ती आत गेल्यावर मगच मागे वळते. वाटेत कोणी तिला अडवू नये म्हणून ती असे करते, असे गावात बोलतात.

असो. ‘तुम्ही तेथे काय केलेत?’ या प्रश्नाचे उत्तर इतकेच, की आम्ही दीडशे घड्या शिवल्या, एकदा भाकऱ्या थापल्या, एक चूक केली आणि ऐकून घेतले. जे काही घडले ते तेथल्या बायकांनी घडविले. शिवणयंत्र घरी स्वच्छ करून ठेवले आहे. ज्या भगिनींकडे सुती कापडाचे वा फलालीनचे चांगले तुकडे असतील त्यांनी ते धुऊन, इस्त्री करून आमच्याकडे पोहोचते करावेत. भाची मे महिन्यात येणार आहे; तिच्या सामानात अजून जागा आहे.